नाक धरून ४३ सेकंद

लहानपणी माहीम सुटलं की मी आणि दादा नाक दाबायचो. खाडीचा तो वास! वांद्र्याचा प्लॅटफॉर्म लागेपर्यंत टिकेल तो जिंकला. दादा तोंडाने चोरून श्वास घ्यायचा, हे त्याच्या लग्नानंतर वहिनीकडून कळलं.

२०२० साली सोसायटीच्या ग्रुपवर फिरलं की दहा सेकंद न खोकता श्वास रोखता आला म्हणजे कोरोना नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ते खोटं म्हणून सांगितलं, तरी सासूबाई रोज देवापुढे दहा आकडे मोजायच्या. "झाले गं दहा. आज नाही मला."

गेल्या रविवारी मीच मोबाइलवर वेळ लावून बसले, तेव्हाचा ऑक्सिमीटर बोटाला अडकवून. पहिल्यांदा २८ सेकंद, मग ३६, मग ४३. पंधरा मिनिटांत फुप्फुसं थोडीच सुधारली? विसाव्या सेकंदाला घशात कालवाकालव, तिशीनंतर पोट आपोआप आत-बाहेर उसळायला लागलं, आणि बोटावर आकडा ९८चा ९८. ऑक्सिजन संपलेलाच नसतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मेंदू घंटा बडवतो. तिसऱ्या वेळेपर्यंत मी घंटेकडे दुर्लक्ष करायला शिकले होते, एवढंच.

लेक म्हणाली, "आई, आधी भराभर दहा श्वास घे, मिनिट गाठशील." नको. त्याने कार्बन डायऑक्साइड उडून जातो, घंटा उशिरा वाजते आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते. पाण्याखाली असं करणारे बुडतात.

सोमवारी लिफ्ट बंद. पाच किलो दळण घेऊन चौथा मजला. तिसऱ्यावरच कठडा धरून उभी राहिले. शेजारच्या काकूंनी काय विचारलं त्याला नुसती मान हलवली. ४३ सेकंदवाली मी!

डॉक्टरांना ते ४३ अभिमानाने सांगितले. त्यांनी लिहूनसुद्धा घेतले नाहीत. किती जिन्यांवर थांबता, पाळी कशी आहे, एवढंच विचारलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ९.२, बाईचं बारा तरी हवं. मग तो ९८? ते म्हणाले, ऑक्सिमीटर आहे तेवढं हिमोग्लोबिन किती भरलंय ते सांगतो, आहे किती ते नाही. म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. डबे खच्चून भरलेले, पण गाड्याच कमी.

लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. काल दादाचा फोन, "मी ५१ केले!"

म्हटलं, वहिनीला दे जरा फोन.