तुम्ही विचारलंत म्हणून: पिक्चर पिक्चरसारखा का बघत नाही?

"ताई, पिक्चर पिक्चरसारखा बघायचा. एवढं काय मनावर घ्यायचं?" मारामारीचा सिनेमा बघून आले की सोसायटीत कोणीतरी हे म्हणतंच. बाकीचे हिरोच्या एन्ट्रीबद्दल बोलत असतात आणि मी विचारत असते की व्हिलन कोण होता, त्याचा धंदा काय होता, शेवटी त्याला मारलं कोणी. तुम्ही इतक्या वेळा विचारलंत, तर आज नीट सांगते.

माझे बाबा ठाण्यात स्टेशनजवळच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन मी केबिनमध्ये जायचे आणि झरोक्याशी उभी राहायचे. एकच सिनेमा वीस-वीस वेळा बघितलाय मी. बाबांची नजर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात असायची. तिथे ठिपका उमटला की रीळ संपत आलं, दुसरं मशीन चालू करायचं. मी मात्र खाली पब्लिककडे बघायचे. सहाच्या खेळाला स्टॉलमध्ये बहुतेक वागळे इस्टेटमधले कामगार असत, पाळी संपवून आलेले. हिरो कोणीही असो, सगळ्यात मोठी शिट्टी एकाच जागी यायची: सफारी घातलेल्या शेठच्या नाहीतर मंत्र्याच्या कानाखाली पहिली बसली की. बाबा म्हणायचे, "हे हिरोला टाळ्या देत नाहीयेत, आपल्या मॅनेजरला मारून घेतायत."

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं त्यात होती आणि त्यांचे कोणी ना कोणी नातेवाईक आमच्या ठाण्यातही होते. त्या काळात पडद्यावर दुष्ट माणूस बहुतेक वेळा आपल्यातलाच, आपल्या वर बसलेला असायचा. कामगार नेत्याला विकत घेणारा कारखानदार. धान्य दडवणारा व्यापारी. त्याच्याही आधी सावकार होता, १९५७ च्या 'मदर इंडिया'तल्या सुखीलालासारखा.

स्मगलरचीच गोष्ट घ्या. सोन्याची बिस्किटं, समुद्रकिनारा, रात्रीची होडी, हे सगळं माझ्या लहानपणी इतकं होतं की आम्ही मुलं गल्लीत स्मगलर-पोलीस खेळायचो. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा होता, परदेशातून सोनं आणायला बंदी होती, म्हणून तो धंदा होता आणि म्हणून तो व्हिलन होता. १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला, पुढच्या दोन-तीन वर्षांत सोनं आणणंही सोपं झालं आणि बिस्किटांची पेटी पडद्यावरून हळूहळू दिसेनाशी झाली. तो स्मगलर काही साधू झाला नव्हता. कायदा बदलला आणि त्याची खुर्ची रिकामी झाली.

कारखानदाराचं जे झालं त्याने मात्र माझा जीव तुटतो. १९९१ नंतर तो व्हिलनच्या खुर्चीतून जवळजवळ उठूनच गेला. हिरोच आता मोठ्या बंगल्यात राहायला लागला, त्याचे वडील उद्योगपती आणि तेही प्रेमळ. याच वर्षांत इथे आमच्या डोळ्यांसमोर एकेक कारखाना बंद होत होता. आमच्या चाळीतल्या तीन घरांतली कर्ती माणसं हिशेब हातात घेऊन घरी बसली. एकाने रिक्षा घेतली, एकाने वडापावची गाडी लावली. खऱ्या आयुष्यात शेठवर सगळ्यात जास्त राग येण्यासारखे दिवस आणि नेमका तेव्हाच सिनेमातला शेठ नाहीसा झाला. सिनेमा राजकारण बोलतो तो हिरोच्या भाषणात, असं लोकांना वाटतं. मला ते व्हिलन म्हणून कोणाला बसवलं आणि कोणाला उठवलं, यात दिसतं.

व्हिलनला मारतं कोण, हेही मी म्हणूनच बघते. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला, आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी मारून टाकतो. सेन्सॉरला ते चाललं नाही, शेवट पुन्हा चित्रित करावा लागला, ऐनवेळी पोलीस आले आणि गब्बर कायद्याच्या हाती गेला. सरकारने नागरिकांचे हक्क गुंडाळून ठेवलेले असताना पडद्यावर कायद्याची शान राखायची होती! आणि १९८३ चा 'अर्धसत्य' आठवा. श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा. त्यातला पोलीस सब-इन्स्पेक्टर वेलणकर गुंड रामा शेट्टीला मारतो आणि स्वतः पोलीस चौकीत जाऊन सांगतो. त्या चालत जाण्याचं ओझं आपल्या छातीवर येतं. आता इन्स्पेक्टर गोळ्या घालतो, गॉगल चढवतो, मागे ढोल वाजतात आणि शेजारचा बाप मांडीवरच्या पोराला टाळी वाजवायला लावतो. मला ते बघवत नाही.

बाहेरच्या देशातही हेच चालतं. 'रेड डॉन' नावाच्या अमेरिकन सिनेमात हल्लेखोर सैन्य चिनी होतं, चित्रीकरणही तसंच झालं. मग चीनचं मोठं मार्केट हातचं जाईल या भीतीने संगणकावर झेंडे आणि बिल्ले बदलून २०१२ मध्ये ते उत्तर कोरियाचं सैन्य म्हणून दाखवलं. जिथे तिकीट विकायचं नाही, तिथला माणूस व्हिलन व्हायला सोपा.

आमच्याकडे आता तो बहुतेक सीमेपलीकडून येतो. दहशतवादी व्हिलन असू नये असं मी कधीच म्हणणार नाही. १३ मार्च २००३ ला मुलुंड स्टेशनात लोकलच्या लेडीज डब्यात स्फोट झाला. आमच्या इथल्या बायकांची रोजची लाईन ती. कित्येक दिवस डब्यात चढल्यावर आधी सीटखाली बघायचो आम्ही. तो राग खरा आहे आणि त्याचा सिनेमा व्हायलाच हवा. पण राग बॉम्ब ठेवणाऱ्यावर राहिला पाहिजे. तो सुरम्यावर, टोपीवर, बिर्याणीच्या ताटावर, अजानच्या सुरावर जाऊन बसतो, तेव्हा ते कोणीतरी ठरवून केलेलं असतं. सुरमा काही आपोआप कॅमेऱ्यासमोर येत नाही.

मागच्या वर्षी मुलाबरोबर त्याचा कॉलेजचा मित्र आमच्या घरी आला होता, मुंब्र्याजवळच्या कौशाला राहतो. तिघं मॉलमध्ये असाच एक सिनेमा बघायला गेलो. त्या जागेवर पूर्वी कारखाना होता, भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. पडद्यावर व्हिलन आला, रंग पिवळट झाले, डोळ्यांत सुरमा, जड जड उर्दू. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, ते मी इथे लिहीत नाही. लोक हसले. हा पोरगा पण हसला, मग एकदा मागे वळून बघितलं त्याने, आणि उरलेला सिनेमाभर पॉपकॉर्नचा पुडा तसाच हातात धरून बसला.

त्याची आजी रत्नागिरीकडची, घरात सगळे कोकणी बोलतात. रिक्षात बसल्यावर मी काही विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, "काकू, असं उर्दू आमच्या घरात कोणालाच येत नाही."

माझा मुलगा तोपर्यंत त्या सिनेमातल्या गाड्यांबद्दल बोलत होता. तो गप्प झाला. तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षा बराच वेळ उभी होती.