टीव्ही चालू होता, बघत कुणीच नव्हतं

‘मॅडम, मोबाईल आम्ही त्याला देतच नाही. फक्त जेवताना, तेही वीस मिनिटं,’ असं आईनं फोनवर सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. मुलगा अडीच वर्षांचा, बोलण्यात मोजून पाच-सहा शब्द. दोन वर्षांच्या आसपास मुलं ‘बाबा ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडू लागतात. हा अजून बोट धरून ओढत न्यायचा.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. क्लिनिकमध्ये आईबाबा मुलासमोर छान मांडी घालून बसतात, फोन पर्समध्ये असतो. घर तिथे दिसत नाही. म्हणून एका शनिवारी सकाळी मी धायरीतल्या त्यांच्या फ्लॅटवर गेले.

हॉलमध्ये सोफा, दोन खुर्च्या, आजींची आरामखुर्ची, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. खेळणी माळ्यावर, पसारा नको म्हणून. चार्जर मात्र सोफ्याशेजारी, मुलाचा हात सहज पोचेल अशा जागी.

थोड्या वेळानं तो स्वयंपाकघरातून कुकरची रिंग घेऊन आला. डोक्यावर ठेवली, गळ्यात घातली, मग बाबांच्या गुडघ्यावर ठेवून म्हणाला, ‘आं?’ बाबांचं ऑफिसचं काहीतरी तातडीचं चाललेलं. ‘हो रे राजा,’ म्हणाले, नजर लॅपटॉपवर. त्यानं रिंग थेट कीबोर्डवर ठेवली. त्यांनी ती हळूच बाजूला सारली. मग तो आजींकडे गेला. त्या फोनवर नातेवाइकांच्या ग्रुपवरचे व्हिडिओ बघत होत्या. एवढ्यात टीव्हीवर मोठ्या आवाजात जाहिरात लागली. तो वळला, रिंग हातातून सुटली, आणि तो उभ्या उभ्या बघत राहिला.

त्या ‘आं?’ला ‘अरे, रिंग! गोल गोल रिंग. आईला देऊ या?’ एवढं उत्तर मिळालं असतं, तर पुढचा शब्द तिथेच रुजायला लागला असता. भाषा अशाच देवघेवीतून येते. मागे टीव्ही नुसता चालू असला तरी मुलांचा खेळ तुटक होतो आणि मोठी माणसं मुलांशी कमी बोलतात, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं चांगलं. हा मुलगा त्या हिशेबात बसत होता. पण घरातल्या मोठ्यांचे तास कुणी धरलेच नव्हते.

मी टीव्ही बंद करू का, म्हणून विचारलं. आजी म्हणाल्या, ‘करा. पण अहो, दिवसभर आम्ही दोघंच. घर खायला उठतं. माझे गुडघे हे असे, याच्यामागे किती धावू?’ मला हे मनापासून पटलं. अशा वेळी आजीला नाहीतर आईला बोल लावून मोकळं होणारे सल्ले ऐकले की मला संताप येतो. टीव्ही ही त्या बाईंची सोबत होती.

आजींची खुर्ची आम्ही बाल्कनीकडे वळवली. मटार सोलायचेच होते; परात खाली घेतली आणि तो त्यांच्या पायाशी बसला. ‘ही शेंग. उघड. दाणा!’ आजी एकदा बोलू लागल्या की थांबत नाहीत, आणि इथे तेच हवं होतं. बऱ्याच वेळानं त्यानं एक दाणा त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाला, ‘दाणा.’

बाबा जरा नाराज होते. ‘मी काही रील्स बघत नव्हतो, काम करत होतो.’ खरंच आहे, पण अडीच वर्षांच्या मुलाला तो फरक कळत नाही. त्याला वळलेला चेहरा तेवढा दिसतो. काम आत बसून करा, बाहेर आलात की पूर्ण त्याचे व्हा, असं मी सांगितलं. चार्जर बेडरूममध्ये गेले, खेळण्यांतली थोडी खाली टोपलीत आली. जेवतानाचा मोबाईल एकदम बंद करायला लावला नाही. आधी रात्रीचं जेवण सगळ्यांनी फोनशिवाय एकत्र करायचं ठरलं.

कानांची तपासणी मात्र लगेच करायला लिहून दिली. नावानं हाक मारली की तो वळतो, हवं ते बोटानं दाखवतो, हे दिलासा देणारं होतं. तरीही ऐकू नीट येतंय याची खात्री केल्याशिवाय सगळं खापर स्क्रीनवर फोडणं मला मान्य नाही.

निघताना आजींनी विचारलं, ‘आणि माझी साडेसातची मालिका?’ म्हटलं, खुशाल बघा, त्या वेळात याला कुणीतरी खाली खेळायला न्या. नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. दोघांचंही ऑफिस हिंजवडीत; साडेसातला घरी पोचणं हेच अवघड. शेवटी सोमवार-बुधवार तिनं, मंगळवार-गुरुवार त्यानं लवकर निघायचं, असं त्यांनी माझ्यासमोर ठरवलं. शुक्रवारचं अजून ठरायचं होतं.