समुद्रशैवालातील विषाणुरोधक द्रव्ये : परीक्षानळीपासून माणसापर्यंत

कोविडच्या साथीपासून समुद्रशैवालाची भुकटी आणि कॅप्सूल ‘विषाणुरोधक’ म्हणून विकल्या जाताना दिसतात, आणि मी रसायनशास्त्र शिकवत असल्यामुळे ओळखीची मंडळी त्याविषयी हमखास विचारतात. एका वाक्यात उत्तर देणे मला जमत नाही, कारण शैवालातील काही द्रव्यांच्या अंगी विषाणूंना अडवण्याची शक्ती खरोखरच आहे. मात्र ती पोटात घेतलेल्या भुकटीतून मिळेल, असे मानायला आधार नाही.

ही गोष्ट जुनी आहे. जेलिडियम नावाच्या लाल शैवालाचा अर्क कोंबडीच्या अंड्यातील गर्भाला इन्फ्लुएन्झा बी आणि गालगुंड यांच्या विषाणूंपासून वाचवतो, हे 1958 मध्ये प्रसिद्ध झाले होते. ज्या शैवालांपासून अगर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील चायना ग्रास, काढतात त्यांपैकीच हे एक. पुढे या गुणासाठी सर्वांत जास्त तपासले गेले ते लाल शैवालातील कॅरॅजीनन. ही शर्करेची लांबलचक साखळी असून तिच्यावर ठिकठिकाणी ऋणभारित सल्फेट गट असतात. कॅरॅजीननचे तीन मुख्य प्रकार आहेत; साखळीतील दर दोन शर्करांमागे असे गट कप्पा प्रकारात साधारण एक, आयोटात दोन आणि लॅम्डात तीन. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावरही हेपरान सल्फेटच्या अशाच ऋणभारित साखळ्या असतात, आणि हर्पिस, डेंग्यू, एचपीव्ही असे अनेक विषाणू पेशीत शिरण्यापूर्वी आधी त्यांना चिकटतात. वाटेत कॅरॅजीनन भेटले की विषाणू त्यालाच चिकटून बसतो आणि पेशीपर्यंत पोहोचतच नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत असलेल्या एचपीव्हीला प्रयोगशाळेत रोखण्यात कॅरॅजीनन हे हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या हजारपटीपर्यंत प्रभावी असल्याचे 2006 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांना आढळले.

परीक्षानळीतील यश माणसात टिकते का, याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर दक्षिण आफ्रिकेतून आले. पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थेने कॅरागार्ड नावाचे कॅरॅजीननयुक्त योनीजेल तयार केले होते. जोडीदार निरोध वापरायला तयार नसला तरी स्त्रीला एचआयव्हीपासून स्वतःचे रक्षण करता यावे, हा त्यामागचा हेतू मला आजही मोलाचा वाटतो. 2004 ते 2007 या काळात 6,202 स्त्रिया चाचणीत सहभागी झाल्या. निम्म्या जणींना कॅरागार्ड आणि निम्म्या जणींना दिसायला तसेच, पण औषध नसलेले जेल देण्यात आले. कॅरागार्डच्या गटात 134 आणि दुसऱ्या गटात 151 जणींना संसर्ग झाला. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता, म्हणजेच जेल सुरक्षित ठरले, पण संरक्षण सिद्ध झाले नाही. जेल आत सोडण्याच्या वापरलेल्या नळ्या परत मागवून, त्यांवर रंगद्रव्य टाकून त्या खरोखर वापरल्या होत्या का हे तपासले गेले, तेव्हा सरासरी सुमारे 42 टक्के संबंधांच्या वेळीच जेल वापरले गेल्याचा अंदाज निघाला. नियमित वापर झाला असता तर निकाल वेगळा लागला असता का, हे या आकड्यांवरून ठरवता येत नाही. पण ज्या औषधाचा उपयोग दर वेळी आठवणीने लावण्यावर अवलंबून असतो, त्याची खरी परीक्षा घराघरांतच होते. हा निकाल डिसेंबर 2008 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कोणतीही सारवासारव न करता छापला गेला. शैवालाच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी तो वाचायला हवा.

नाकाच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. अर्जेंटिनात कोविड रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या 394 आरोग्य कर्मचाऱ्यांना आयोटा-कॅरॅजीननचा किंवा औषध नसलेला फवारा दिवसातून चार वेळा, 21 दिवस देण्यात आला. पहिल्या गटात दोघांना कोविड झाला, दुसऱ्या गटात दहा जणांना. फरक ठळक आहे, परंतु बारा रुग्णांच्या आधारावर संपूर्ण देशासाठी धोरण आखता येत नाही.

नाक आणि योनी याच जागा का निवडल्या जातात, हे एकदा कळले की कॅप्सूलचा प्रश्न आपोआप सुटतो. कॅरॅजीननचा रेणू इतका मोठा असतो की आतड्यातून तो जवळजवळ शोषलाच जात नाही. शिवाय अशा सल्फेटयुक्त शर्करा हेपरिनप्रमाणे रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतात, त्यामुळे त्या टोचून देणेही धोक्याचे. विषाणू जिथून आत शिरतो त्या ओलसर त्वचेवरच त्यांचे काम चालते.

ग्रिफिथसिन हे द्रव्य मात्र वेगळ्या जातीचे आहे. न्यूझीलंडच्या समुद्रातील ग्रिफिथ्सिया या लाल शैवालात सापडलेले हे 121 अमिनो आम्लांचे प्रथिन विषाणूच्या आवरणावरील मॅनोज शर्करांना घट्ट धरते. एचआयव्हीविरुद्धची त्याची शक्ती 2005 मध्ये जाहीर झाली. समुद्रातून ते पुरेसे मिळणे अशक्य असल्याने 2009 मध्ये तंबाखूच्या कुळातील रोपांत ते भरघोस तयार करून दाखवण्यात आले. मला या सगळ्या प्रवासातील हा टप्पा सर्वांत बुद्धिमान वाटतो.

तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर स्त्रिया बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस हे लाल शैवाल पिकवतात, तेव्हा ‘औषध तर आपल्याच दारात आहे’ असे म्हटले जाते. त्या पिकातून मुख्यतः कप्पा प्रकार मिळतो आणि तो खाद्यपदार्थ दाट करण्यासाठी जातो. फवाऱ्यातील आयोटा प्रामुख्याने युकेमा डेंटिक्युलेटम या दुसऱ्या शैवालातून येतो. आपल्याकडे असा फवारा विकायचा असेल, तर आधी त्यात कोणत्या शैवालाचे, कोणत्या प्रकारचे आणि किती कॅरॅजीनन आहे हे बाटलीवर छापले जावे, आणि मग आपल्याच रुग्णालयांतील परिचारिकांवर, अर्जेंटिनातल्यापेक्षा कितीतरी मोठ्या संख्येने, त्याची चाचणी व्हावी.