उन्हाळ्यात रेड वाइनच प्यायची असेल तर सँसो
आजच्या वाइन टेस्टिंगमध्ये सगळ्या बाटल्या कॅलिफोर्नियातल्या छोट्या उत्पादकांच्या होत्या. उन्हाळ्यासाठी त्यातली खरी कामाची म्हणजे लोडाय गावची सँसो, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची रेड. तिथल्या बेक्टोल्ड मळ्यातल्या वेली 1886 मध्ये लावलेल्या. रेताड जमिनीत वेलींची मुळं पोखरणारी फिलॉक्सेरा कीड टिकत नाही, म्हणून त्या कलमाशिवाय स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. असे छोटे उत्पादक बहुधा द्राक्षं विकत घेतात, त्यामुळे लेबलवर मळ्याचं नाव बघा. ते असेल तर किमान 95 टक्के द्राक्षं तिथलीच असावी लागतात.

सँसोत टॅनिन (सालीतून येणारा तुरटपणा) कमी, म्हणून ती गार चालते. फ्रिजमध्ये अर्धा तास पुरे, साधारण 13 अंश. हीच युक्ती जाड टॅनिनच्या काबर्ने या रेडवर केलीत तर तोंड तुरट-कडू होतं. पंधरा टक्के अल्कोहोलची झिनफांडेल ही रेड उन्हात नाकात झोंबते. ती थंडीतच बरी.

व्हाइट घाईने गार करायची तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, बाटली मानेपर्यंत बुडवून पंधरा-वीस मिनिटं. नुसता बर्फ नको, बाटलीभोवती हवेच्या फटी राहतात. पण अति गार केली की वासच मरतो, विशेषतः व्हर्मेंटिनो या व्हाइटचा. ग्लासात बर्फ? कृपया नको. आणि बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून समुद्रावर जाऊ नका, वाइन तापून फुगते आणि बूच वर सरकतं.