कमरेला किल्ल्या लावणारा चित्रकार

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात संध्याकाळी फुकट सोडतात, पण मी सकाळीच तिकीट काढून गेले. ‘लास मेनिनास’समोर मला निवांत उभं राहायचं होतं. दिएगो वेलास्केसचं १६५६ सालचं हे चित्र दहा फुटांहून उंच आहे. फोटोला बंदी आहे, ते फार बरं. माणसं चित्राकडे बघतात तरी.

आधी अगदी जवळ गेले. पाच वर्षांच्या राजकन्या मार्गारितेच्या बाहीवर नुसते करडे, गुलाबी, पांढरे फटकारे, जणू ब्रश पुसलाय. चार पावलं मागे सरकले, तर त्याच फटकाऱ्यांचं रेशीम झालं होतं! पुन्हा पुढे, पुन्हा मागे. किती वेळा केलं असेल, देव जाणे.

चित्रात डावीकडे खुद्द वेलास्केस. १६२३ मध्ये स्पेनचा राजा चौथ्या फिलिपच्या पदरी आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. राजाची मर्जी होती, पण १६२८ मध्ये शिधा लावून दिला तो राजवाड्यातल्या न्हाव्यांइतका. १६५२ पासून राजवाड्याची व्यवस्थाही त्याच्याच गळ्यात: दालनं सजवणं, साफसफाई, राजाचे मुक्काम. चित्रात त्याच्या कमरेला किल्ल्या आहेत. छातीवरचा लाल क्रूस सांतियागो या सरदारांच्या पंथाचा. तो मान १६५९ मध्ये मिळाला, म्हणून क्रूस चित्रात मागाहून आला. त्यासाठी साक्षीदारांना सांगावं लागलं की हा पोटासाठी चित्रं विकत नाही. एवढ्या मोठ्या कलावंताच्या बाबतीत हे वाचून मला आजही वाईट वाटतं.

दरबारी विदूषकांची त्याने काढलेली चित्रंही इथेच आहेत. सेबास्तियान दे मोर्रा हा बुटका माणूस जमिनीवर पाय पसरून, मुठी आवळून बसलाय आणि थेट आपल्याकडे बघतोय. दरबाराने त्याला हसण्यासाठी ठेवला होता. वेलास्केसने त्याच्याकडे राजाकडे पाहावं तसं पाहिलं. शिध्याला न्हाव्यांच्या पंगतीत बसलेल्या माणसालाच ते जमलं, असं मला मनापासून वाटतं.

जुना राजवाडा १७३४ च्या नाताळात जळाला, ‘लास मेनिनास’ मात्र वाचलं. आजचा राजवाडा त्याच जागी आहे. जवळच्या प्लाझा दे रामालेसमध्ये दिवस कलताना पोचले. १६६० मध्ये राजकन्या मारिया तेरेसाच्या लग्नासाठी फ्रान्सच्या सीमेवरची सगळी तयारी उरकून वेलास्केस परतला आणि ऑगस्टमध्ये गेला. त्याला इथल्या चर्चमध्ये पुरलं होतं. ते चर्च एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडलं. त्याच्या अस्थी काही सापडल्या नाहीत. चौकात क्रूस असलेला एक खांब आहे. अंधार पडेपर्यंत मी त्याच्यापाशी उभी होते.