मालवणचं ‘बेल्जियम’ : काचेच्या नोंदी, पावसाळ्यानंतर

पाऊस सरला, कपाटं उन्हं खायला उघडली, तसा घरोघरची जुनी काच तपासण्याचा माझा हंगाम सुरू झाला. आपल्याकडे जुन्या घरातली कुठलीही शोभेची काच घ्या, हंडी, आरसा, नाहीतर फुलदाणी, ती बेल्जियमचीच, असं घरचे सांगतात. मी कहाणी ऐकतो, चहा घेतो आणि भांडं उलटं करतो. बूड सहसा थापा मारत नाही.

या खेपेचा खरा ऐवज म्हणजे मालवणच्या एका काकूंकडची नारिंगी फुलदाणी. “सासऱ्यांनी मुंबयसून हाडलेली, बेल्जमची आसा,” काकू म्हणाल्या. वीतभर उंची, अंगाला वेटोळं घालून बसलेला मासा आणि त्यावर रॉकेलच्या तवंगासारखी सप्तरंगी झाक. बुडाशी ही झाक संपते आणि तिथे काच बिनरंगी दिसते. हे नारिंगी कार्निव्हल ग्लासचं लक्षण. गरम काचेवर धातूंचे क्षार फवारतात, त्यामुळे रंग फक्त त्या पातळ थरात असतो. अमेरिकेत फेंटन कंपनीने हा प्रकार १९०७च्या सुमारास बाजारात आणला, मग इतरांनी उचलला.

मग तोंडातून बोट आत घातलं. बाहेर माशाचा फुगवटा, तिथे आत खळगा. म्हणजे काच साच्यात फुंकलेली. दाबून काढलेल्या काचेत नक्षी बाहेर असते आणि आतली बाजू गुळगुळीत लागते. शेवटी बुडावर टॉर्च अगदी आडवा धरला, तेव्हा पुसटशी इंग्रजी अक्षरं उठली : जे, ए, आय, एन. बांगड्यांसाठी नावाजलेल्या फिरोजाबादचा जैन ग्लास वर्क्स कारखाना! तिथे १९३०च्या दशकापासून हा माल निघायचा.

“म्हणजे बांगडीवाल्यांची?” काकूंचा चेहरा जरा उतरला. मला मात्र बेल्जियमपेक्षा हीच प्यारी. परदेशातले कार्निव्हल काच जमवणारे खास भारतीय माल शोधत असतात, आणि आपण तो बेल्जियमच्या नावावर खपवतो.

दुसरी वस्तू पिवळट हिरवी वाटी. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील (यूव्ही) टॉर्चखाली ती झगझगीत हिरवी पेटली, म्हणजे काचेत युरेनियम. मँगनीजही हिरवट दिसतं, पण मंद. बाजारातले स्वस्त ३९५चे टॉर्च स्वतःच एवढा जांभळा उजेड ओततात की मंद चमक त्यात बुडून जाते. पैसे वाचवू नका. बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) युरेनियम काच १८३०च्या दशकापासून होती, पण ती आजही बनते. तेव्हा नुसत्या चमकेवरून वय ठरवणाऱ्यांपासून सावध. या वाटीच्या बुडावर शिक्का नाही, म्हणून तिच्यापुढे मी फक्त ‘युरेनियम’ एवढंच लिहिलंय.

आता आपल्या दमट हवेबद्दल. काचेवर धुरकट, पांढुरका थर आला की विकणारा ‘जुनी आहे हो’ म्हणतो. पण तो वयाचा पुरावा नव्हे. ओलाव्याने काचेतला क्षार बाहेर येतो आणि सोडा जास्त पडलेली स्वस्त काच असा थर लवकर धरते. समुद्राकाठी बंद कपाटात तर विचारूच नका. त्यापेक्षा बुडाची झीज बघा. खरी झीज टेकणाऱ्या कडेपुरती आणि वाटेल त्या दिशेच्या ओरखड्यांची. सगळे ओरखडे एकाच दिशेने गेले असतील तर कुणीतरी पॉलिशपेपर फिरवलाय.

कुणाकडे जैन शिक्क्याचं काही असेल तर बुडाचा फोटो पाठवा. फ्लॅश बंद, टॉर्च आडवा, मागे काळं कापड.