कुणीच बघत नाही असे फोटो

बाटलीचं झाकण नीट बसलंय का, लेबल तिरकं तर नाही ना, गोळ्यांच्या पाकिटातला एखादा खळगा रिकामा तर गेला नाही ना, एवढंच बघायला कारखान्यातल्या लाईनवर एक कॅमेरा पाळीभर फोटो काढत बसलेला असतो. त्यातला एकही फोटो कुणी कुणाला पाठवत नाही, लाईक तर सोडाच. कॉम्प्युटर बघतो, पास नाहीतर फेल म्हणतो, फेल असेल तर पुढे हवेचा एक झोत त्या बाटलीला बाजूला ढकलतो, विषय संपला. मला मात्र या फोटोंचं भारी कौतुक आहे.

मोबाईलवर फोटो काढायची सवय असलेला माणूस ही इमेज बघून हमखास म्हणतो, अंधार आहे रे, एक्स्पोजर वाढव की, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेव. साहजिक आहे, पण समोरची वस्तू थांबलीये कुठे! बेल्ट सेकंदाला 1 मीटर धावत असेल तर 1 मिलिसेकंदात बाटली 1 मिलिमीटर पुढे जाते, आणि एक पिक्सेल जर 0.1 मिलिमीटर जागा बघत असेल तर लेबलवरची तारीख दहा पिक्सेल फराटली म्हणून समजा. माणूस तरी अंदाजाने वाचेल, सॉफ्टवेअर नाही वाचत. मग एक्स्पोजर कमी करायचं, तर खरंच काळोख होतो, आणि गेन वाढवून, म्हणजे आलेला सिग्नल कॅमेऱ्यातच फुगवून, उजेड आणायला गेलं की सगळीकडे रवाळ दाणे. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) उघडलं तर फोकसची खोली जाते, बाटली जरा मागेपुढे सरकली की धूसर. सगळीकडून अडचणच.

म्हणून फ्लॅश. एलईडीला 50 मायक्रोसेकंदांपुरता तिच्या नेहमीच्या रेटिंगपेक्षा कितीतरी जास्त करंट द्यायचा, मग तिला गार व्हायला मोकळा वेळ द्यायचा, असं केलं तर ती बिचारी न जळता जबरदस्त उजेड देते. तेवढ्या वेळात बाटली सरकते 0.05 मिलिमीटर, म्हणजे अर्धा पिक्सेल, म्हणजे थांबलेलीच की.

आणि इथे एक गंमत आहे जी मला फार आवडते. वस्तू गोठवायचं काम फ्लॅशने केलं, मग शटर कशाला उरलं? 1851 साली फोटोग्राफीचे एक आद्य संशोधक हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी फिरत्या चाकावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवला आणि विजेची एक ठिणगी पाडून त्याचा फोटो घेतला, छापलेली अक्षरं फोटोत वाचता येत होती. शटरबिटर काही नाही, लेन्स उघडीच, कारण खोलीच अंधारी केलेली होती. कारखान्यात अंधार कोण करू देणार? वरती दिवे, बाजूला खिडकी, शेजारच्या मशीनचा तो लाल पिवळा दिवा. तर शटरने तो अंधार तयार करायचा. फ्लॅश 50 मायक्रोसेकंदांचा असताना शटर 5 मिलिसेकंद उघडं ठेवलं तर फ्लॅशचा हिस्सा आहे तेवढाच राहतो, आणि बाहेरचा फुकटचा उजेड मात्र शंभरपट वेळ आत येत राहतो. मग फोटोत एक रेखीव बाटली दिसते आणि तिच्या कडेला 5 मिलिमीटर लांब फिकट शेपूट, भुतासारखी. शटर 150 मायक्रोसेकंदांवर आणलं की शेपूट गायब. अगदी 50 वरच आणू नये, एलईडी पेटायला आणि कॅमेऱ्याला ट्रिगर (फोटो काढ असा इशारा) पोचायला थोडा थोडा उशीर होतोच, दोघांची चुकामूक झाली की अर्धाच फ्लॅश पदरात पडतो, आणि तोही दर वेळी वेगळा.

हे सगळं ग्लोबल शटरच्या कॅमेऱ्यात हां, जिथे सगळा फोटो एकाच वेळी टिपला जातो. रोलिंग शटर ओळीओळीने उघडतं, त्यामुळे फ्लॅश ज्या ओळींच्या वाट्याला आला तेवढाच पट्टा उजळतो. स्वस्त कॅमेरा घेऊन वाचवलेले पैसे असे पट्ट्यापट्ट्याने वसूल होतात.

छतावरच्या दिव्यांचा ताप वेगळाच. 50 हर्ट्झच्या विजेवरचे जुने ट्यूबलाईट सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला पत्ता लागत नाही, पण एवढ्या छोट्या एक्स्पोजरला कधी माथा सापडतो कधी दरी, आणि एकाच मालाचे दोन फोटो दोन तऱ्हेचे येतात. फोटो सुंदर नसला तरी चालतो इथे, रोजचा सारखा हवा. म्हणून ऑटो एक्स्पोजर पहिलं बंद करायचं, नाहीतर पांढऱ्या लेबलची बाटली गेली की कॅमेरा आपल्या मनानेच पुढचा फोटो काळा करतो.

सेटिंग जमलंय का ते बघायची माझी आवडती रीत म्हणजे सगळं आहे तसंच ठेवायचं, फक्त फ्लॅशची वायर काढायची आणि फोटो घ्यायचा. पूर्ण काळा आला तर उत्तम. काही दिसलं तर तो बाहेरच्या उजेडाचा वाटा, मग शटर अजून आवळा, फ्लॅशच्या रंगाचाच फिल्टर लेन्सवर चढवा, नाहीतर सरळ वरून एक पत्र्याचं झाकण टाका. मी तर म्हणेन झाकण आधी टाका, खिडकीतलं ऊनही अडतं आणि शेजारी उभ्या ऑपरेटरच्या डोळ्यांवर दिवसभर तो लखलखाटही येत नाही.